टोपीवर गेलेला हात

फार पूर्वी, सातासमुद्रांपलीकडे अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजात एक प्रशिक्षक होता. थंडीच्या तोंडावर तो मुलांना फुटबॉल शिकवी आणि वसंतात बेसबॉल. दोन प्रशिक्षक ठेवायचे तर दोन खुर्च्या लागल्या असत्या, आणि खुर्च्या सगळ्या विश्वस्तांनी अडवल्या होत्या. तिथला फुटबॉल म्हणजे लांबट चेंडू काखेत मारून समोरच्या रेषेपार पळायचं. पायाचा संबंध पळण्यापुरताच.

दोन्ही खेळांचे कायदे वेगळे. बेसबॉलमध्ये प्रशिक्षकाने बाहेरून खुणा केलेल्या चालत. याने टोपीला हात लावला की पोरांनी पळायचं, हे ठरलेलं. फुटबॉलमध्ये मात्र त्या काळी सामना सुरू झाला की प्रशिक्षकाने बाकावर गप्प बसायचं. खूण केली तर मिळवलेले गुण रद्द, वर दंड.

नदीपलीकडच्या कॉलेजकडून हा संघ सलग अकरा वर्षं हरला होता. यंदा अध्यक्षांनी बजावलं, की हरलात तर नोकरीही गेली आणि कॉलेजचं घरही. अध्यक्षांनी जन्मात चेंडू उचलला नव्हता, त्यामुळे हरण्याचा त्यांना फार राग येई.

सामन्याचं शेवटचं मिनिट आलं. संघ चार गुणांनी मागे. चेंडू सर्वांत चपळ पोराच्या हाती आला. त्याने तो डावीकडे फेकायचा, असं कप्तानाने सांगितलं होतं. पण उजवीकडे मोकळी वाट प्रशिक्षकाला दिसली. तो ताडकन उठला आणि हात टोपीवर गेला. मुद्दाम की सवयीने, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पोराने ते पाहिलं आणि तो सुसाट सुटला. एकाला हुलकावणी दिली, दुसऱ्याच्या मुठीत सदऱ्याची बाही सोडली आणि रेषेपार जाऊन आदळला. सहा गुण! मैदान वेडं झालं. बँडवाले एकाच वेळी दोन वेगळ्या चाली वाजवू लागले. अध्यक्षांनी प्रशिक्षकाला मिठी मारली.

एवढ्यात तो पोरगा धापा टाकत आला. "सर, तुमची खूण दिसली म्हणून पळालो. नाहीतर फेकणारच होतो."

अध्यक्षांनी मिठी न सोडताच त्याच्या कानात सांगितलं, "वारा होता. वाऱ्यात माणूस टोपी धरतोच."

कॉलेजचा झेंडा काठीला चिकटून लोंबत होता. प्रशिक्षकाला बायको आठवली, तीन मुलं आठवली, ते घर आठवलं. मग तो पंचाकडे गेला आणि सगळं सांगितलं.

पंच म्हणाला, "मला तर काही दिसलं नाही."

"मला दिसलं. हात माझाच होता."

गुण रद्द झाले, वेळ संपली आणि संघ बाराव्या वर्षीही हरला. प्रशिक्षकाला खांद्यावर घ्यायला ज्यांनी हात पुढे केले होते, त्यांनी ते खिशात घातले. सोमवारी अध्यक्षांचं पत्र आलं: उन्हाळ्यात घर रिकामं करावं. तोवर बेसबॉल शिकवावा, कारण दुसरा कोणी मिळत नाही.

वसंत आला. समोर तोच नदीपलीकडचा संघ. बरोबरी, आणि शेवटचा डाव. इकडचा एक पोरगा घसरत, जिथे धाव पुरी होते त्या शेवटच्या तळावर पोचला. त्याच क्षणी चेंडूही आला. धुळीचा लोट उठला आणि पंचाला धुळीखेरीज काही दिसलं नाही. पाय चेंडूच्या आधी टेकला असेल तर पोरगा सेफ आणि सामना जिंकला, नाहीतर आऊट. दोन्हीकडचे बाह्या सरसावून धावले. कोणी बॅटही उचलली.

तेव्हा पलीकडचा कप्तान मध्ये पडला. "भांडता कशाला? त्यांचे सर तिथेच उभे होते. त्यांना विचारा. ते म्हणतील ते आम्हाला कबूल."

दोन्हीकडचे प्रशिक्षकाकडे वळले.

"पाय आधी टेकला," प्रशिक्षक म्हणाला. "पोरगा सेफ आहे."

पलीकडच्यांनी हात मिळवले, बॅटी उचलल्या आणि ते घरी गेले. कोणी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष स्वतः प्रशिक्षकाच्या दारी आले. घर रिकामं करायचं ते पत्र म्हणजे टंकलेखकाची चूक होती, म्हणाले. बिचाऱ्याने चूक केली, ती थेट अध्यक्षांच्या सहीसकट.

तात्पर्य: स्वतःविरुद्ध एकदा खरं बोललेला माणूस पुढे स्वतःच्या बाजूने बोलला तरी लोक मानतात. हा क्रम उलटा लावून पाहणारे पुष्कळ आहेत; अजून कोणाला जमलेलं नाही.