थांबलेल्या हातोड्या

पाय पांघरुणात घ्या बघू सगळ्यांनी. आणि मी सांगताना मधूनमधून हुं म्हणा, म्हणजे मला कळेल कोण जागं आहे ते.

एकदा काय झालं, एका डोंगराच्या पायथ्याशी तांबटांची आळी होती. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे, बरं का. वर डोंगरावर राजाचा महाल आणि खाली ही आळी. उजाडलं की आळीत ठक ठक ठक सुरू व्हायचं, ते थेट दिवेलागणीपर्यंत. एवढा आवाज की आई मुलाला जेवायला बोलवायची तीसुद्धा हाताच्या खुणेनं. हाका मारून काही उपयोगच नसायचा.

मग कुणावर संकट आलं तर काय करायचं? त्यांची एक रीत होती. ज्याला मदत हवी असेल त्यानं जवळच्या कारागिराच्या हातावर आपला हात ठेवायचा. त्याची हातोडी थांबली की शेजाऱ्यानं आपली थांबवायची. मग त्याच्या शेजाऱ्यानं. असं होत होत सगळी आळी गप्प व्हायची आणि सगळे धावत बाहेर यायचे. गलबला त्यांना रोजचाच होता. शांत झालं की मात्र त्यांच्या काळजात धस्स व्हायचं.

पण हात थांबवणं सोपं नव्हतं. भांडं मठारताना, म्हणजे त्यावर ठोक्यांची नक्षी उठवताना, हात मध्येच अडला की तो ठोका जरासा बाजूला पडतो. ती खोड मग भांड्यावर जन्मभर राहते. म्हणून उगीचच कुणी कुणाचा हात धरत नसे.

या आळीत सगुणा राहायची. तुमच्याएवढीच होती. तिला आईबाप नव्हते, फक्त धोंडूआबा होते, तिचे आजोबा. सगुणाचा आवाज अगदी बारीक. चारचौघांत बोलायचं म्हटलं की ती आबांच्या पाठीमागे जाऊन उभी राहायची.

आळीच्या टोकाला एक जुनी विहीर होती आणि त्या विहिरीत हुंकारी राहायची. हुंकारीला कुणी पाहिलेलं नव्हतं. पण एकदा कानावर पडलेला आवाज ती कधी विसरायची नाही. तिला एकटीला करमायचं नाही. मग ती कुणाच्या तरी आवाजात साद घालायची, मी पडले, मला वर काढा. ती दुष्ट नव्हती हं. माणसाला पाण्यात राहता येत नाही, एवढंच बिचारीला कळायचं नाही.

आबांनी सगुणाला सांगून ठेवलं होतं. विहिरीतून कुणी हाक मारली तर आत वाकून बघायचं नाही. आधी मागं सरायचं आणि तशीच पळत येऊन माझा हात धरायचा.

मग एके दिवशी सगुणा विहिरीजवळून चालली होती. आतून शेळीचं करडू ओरडलं. तिचा जीव कळवळला. तिला वाटलं, पटकन वाकावं आणि बघावं. पण ती मागं सरली, पळत गेली आणि आबांच्या हातावर हात ठेवला. आबांची हातोडी थांबली. मग सगळी आळी थांबली. लोक दोर घेऊन आले, आत बघितलं, तर आत नुसतं पाणी. लोक हसले आणि आपापल्या कामाला गेले.

मग काही दिवसांनी आतून नारूचा आवाज आला. नारू हा शेजारचा खोडकर पोरगा. सगुणा मागं सरली, पळाली, पुन्हा आबांचा हात धरला. पुन्हा आळी थांबली. तर नारू आपला घरात बसून गूळ खात होता. या वेळी कुणी हसलं नाही. केरबा म्हणून आळीतला मोठा कारागीर होता. त्यानं आपली बिघडलेली घागर सगळ्यांना दाखवली आणि म्हणाला, "धोंडूकाका, नातीला घरात भांडी घासायला बसवा. आमची भांडी नासवू नका."

नारूनं तर तिला सळो की पळो करून सोडलं. दिसली की म्हणायचा, "सगुणे, जा, मी पडलोय विहिरीत."

सगुणा घरी येऊन रडली. आबांनी तिला जवळ घेतलं. म्हणाले, "करडू पडलं नव्हतं, नारू पडला नव्हता, हे चांगलंच झालं की गं. त्यात रडायचं काय?"

मग राजाच्या लेकीचं लग्न ठरलं. राजानं आळीला मोठा हंडा घडवायला सांगितला. केवढा? तुम्ही सगळे आत बसाल आणि वर मांजरालाही जागा उरेल, एवढा. सगळे कारागीर त्या एका हंड्याभोवती बसले. केरबानं बजावलं, हंडा पुरा होईपर्यंत एकही हात थांबणार नाही. आणि सगुणाकडे वळून म्हणाला, "या खेपेला कुणाचा हात धरलास, तर तुझ्या आबांची भट्टी या आळीत पेटणार नाही. ध्यानात ठेव."

आता काय झालं ऐका. भर दुपारी नारू एकटाच विहिरीवर गेला. आत कुणी नाही हे बघून, सगुणा खोटी आहे असं त्याला सगळ्यांना सांगायचं होतं. त्यानं काठावर पोट टेकलं आणि आत वाकला. काठाचा दगड निसटला. नारू आत.

सगुणा समोरच्या चिंचेखाली शेळीला पाला घालत होती. दगड पडलेला तिनं पाहिला नाही. तिला आवाज तेवढा आला. वाचवा, मी नारू. अगदी तोच आवाज, मागच्या वेळेसारखा.

सगुणानं हातातला पाला खाली टाकला. हा खरा नारू की हुंकारी? कळायला काही मार्गच नव्हता. वाकून बघावं तर आबांनी नाही म्हटलेलं. हात थांबवावा आणि आत कुणीच नसलं तर आबांची भट्टी जाणार. मग या वयात आबा कुठं जातील? आणि ऐकलं न ऐकलं करावं, तर?

तर खरंच नारू असला तर?

ती मागं सरली आणि पळत सुटली. हंड्याशी आली. आबा तिच्याकडे बघत होते, केरबाही बघत होता. तरी तिनं आपला हात आबांच्या हातावर ठेवला. आबांनी तिला काही विचारलं नाही. हातोडी खाली ठेवली. मग शेजाऱ्यानं ठेवली. मग त्याच्या शेजाऱ्यानं. शेवटी एकटा केरबा ठोकत राहिला, ठक, ठक. मग त्याचाही हात थांबला.

आणि त्या शांततेत विहिरीतून किती आवाज आले म्हणून सांगू. करडू ओरडत होतं, नारू ओरडत होता, कधी काळच्या पाणी भरणाऱ्या बायका ओरडत होत्या. हुंकारीपाशी जेवढे आवाज होते तेवढे सगळे ती एकदम काढत होती. कारण पोरगं गटांगळ्या खाताना तिनं पहिल्यांदाच पाहिलं होतं. तिनं त्याला आपल्या ओंजळीत वर उचलून धरलं होतं, नाक पाण्याबाहेर राहील असं. पण पाण्याबाहेर तिला येता येत नव्हतं.

सगळे विहिरीकडे धावले. नारूचा बाप उडी मारायला निघाला. आबांनी त्याची कंबर धरली, म्हणाले, तुलाही पोहता येत नाही, मग कुणाकुणाला काढू? दोर आणा. दोर आले. पण लहानग्या नारूला दोर कसा धरवणार? तेव्हा केरबानं इकडेतिकडे बघितलं आणि तो मोठा हंडाच उचलून आणायला लावला. हंड्याच्या गळ्याला दोर बांधले, सगळ्या आळीनं ते धरले आणि हंडा हळूहळू खाली सोडला. हुंकारीनं नारूला अलगद त्यात बसवलं. मग सगळ्यांनी ओढलं. हंडा वर आला आणि त्यात ओलाचिंब नारू, मांजराच्या पिल्लासारखा कुडकुडत बसलेला.

तेवढ्यात घोडा दौडवत राजा आला. त्याला वर महालात आळीची ठक ठक रोज ऐकू यायची. ती एवढा वेळ बंद पडली म्हणून तो घाबरून खाली आला होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, हात कुणी थांबवले?

सगुणा आबांच्या पाठीमागून पुढे आली. "मी."

"आत खरंच मूल आहे, हे तुला ठाऊक होतं?"

"नव्हतं," सगुणा म्हणाली. "म्हणून तर थांबवले."

राजा घोड्यावरून खाली उतरला. मग त्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं आणि त्या एवढ्याशा पोरीपुढे मान लववली.

केरबा खाली बघत म्हणाला, महाराज, हंड्यावर खोड राहिली, दुसरा घडवून देतो. राजानं हंड्यावर बोट फिरवलं. जिथं हात थांबला होता तिथं एक ठोका बाजूला पडला होता. राजा म्हणाला, "हाच हंडा लेकीला देईन. आणि ही खोड कुणी घासायची नाही."

मग केरबानं आपल्या हातानं विहिरीवर तांब्याची जाळी बसवली. नारूनं सगुणाला पुन्हा कधी चिडवलं नाही. आणि हुंकारी? रोज संध्याकाळी मुलं आबांच्याबरोबर विहिरीपाशी जायची, जाळीपासून जरा लांब बसायची आणि तिला गोष्ट सांगायची. खालून ती म्हणायची, हुं. मग तिला कधी एकटं वाटलं नाही. सगुणा, आबा, नारू आणि सगळी आळी पुढे आनंदात राहिली.

आता तुमचं हुं येईना झालंय. झोपलात वाटतं. झोपा. मीही आता गप्प बसते.