मधलं घर

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची, ते मला विचारू नका. मी ज्यांच्याकडून ऐकली, त्यांनाही ते माहीत नव्हतं.

समुद्राजवळ तीन गावं होती. एक खाडीच्या काठी, तिथले लोक मासे धरायचे. दुसरं केळीच्या आणि पानवेलीच्या मळ्यांत. तिसरं टेकडीवर, तिथे सगळे दगड घडवणारे. प्रत्येक गावाचं स्वतःचं चर्च, स्वतःची घंटा आणि गावाचा कारभार बघणारा स्वतःचा मुकादम. म्हणजे तीन गावं आणि तीन धर्मग्राम. प्रत्येक गावाला आपलीच घंटा जास्त गोड वाजते असं वाटायचं, आणि त्यात काही गैर नाही.

पण एक गोष्ट तिघांची मिळून होती. ती म्हणजे पवित्र मरिया माउलीची हातभर उंचीची मूर्ती. फणसाच्या लाकडाची, पुढे काच लावलेल्या पेटीत उभी. ही माउली वर्षभर घरोघर फिरायची. आज या घरी, उद्या शेजारच्या घरी. जिथे माउली येईल तिथे संध्याकाळी आजूबाजूचे लोक जमायचे, जपमाळ म्हणायचे, गाणी गायचे आणि उकडलेले चणे खाऊन, दोन घटका गप्पा मारून घरी जायचे. वर्षभर ज्यांच्याशी अबोला धरलाय, त्यांच्याकडेही त्या दिवशी जावंच लागायचं. चणे खाताना अबोला टिकवणं फार कठीण असतं.

कुणाचं घर चुकू नये म्हणून तिन्ही गावांनी याद्या केल्या होत्या. चर्चच्या दाराशी त्या लावलेल्या असत. पहिलं घर कुणाचं, शेवटचं कुणाचं, सगळं सुवाच्य अक्षरात. खाडीची यादी संपली की माउली मळ्यात जायची, मळ्याची संपली की टेकडीवर आणि टेकडीची संपली की पुन्हा खाडीवर. तिन्ही गावांच्या वाटा जिथे मिळतात तिथे एक मोठी चिंच होती. त्या चिंचेखाली एका गावाचे लोक माउलीला दुसऱ्या गावाच्या हातात देत.

आणि चिंचेच्या पलीकडे, दहा पावलांवर, एक घर होतं.

त्या घरात जेत्रूबाय राहायची. नवऱ्याबरोबर ती तरुणपणी तिथे आली, तेव्हा ती जागा कुणाचीच नव्हती. पुढे नवरा गेला, मुलगी लग्न होऊन समुद्रापलीकडे गेली आणि जेत्रूबाय एकटी उरली. ती एका रविवारी खाडीच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, जायची, पुढच्या रविवारी मळ्यात, त्यापुढच्या रविवारी टेकडीवर. सगळीकडे तिला लोक हसून विचारायचे, "काय जेत्रूबाय, बरं आहे ना?" ती म्हणायची, "बरं आहे." सगळ्यांना वाटायचं, शेजारच्या गावची बाई किती प्रेमाने आपल्याकडे येते!

मळ्याच्या गावात त्या वर्षी एक नवी सून आली. कार्मेलीन तिचं नाव. ती माहेरची खाडीची. तिला एक खोड होती, दिसेल त्याबद्दल विचारायची. सासरी येऊन महिना झाला नाही तोच तिने विचारलं होतं की आपल्या चर्चच्या शिखरावरचा कोंबडा पूर्वेलाच का बघतो, आणि सासऱ्यांना दोन दिवस उत्तर सापडलं नव्हतं.

एके दिवशी ती माहेरी निघाली होती. आदल्याच दिवशी माउली खाडीहून मळ्यात आली होती. चिंचेपाशी कार्मेलीन थबकली. जेत्रूबायच्या अंगणात कोंबड्या चणे खात होत्या. साधे नाही, उकडलेले चणे. चांगली पाटीभर.

"जेत्रूबाय, कोंबड्यांना उकडलेले चणे?" कार्मेलीनने कुंपणावरून विचारलं.

"उरले, बाय," जेत्रूबाय म्हणाली. "काल माउलीचा दिवस होता ना."

हे उत्तर कुणालाही पुरलं असतं. कार्मेलीनला पुरलं नाही. माहेरी पोचल्यावर तिने आईला विचारलं, "आई, काल मधल्या घरी जपमाळ झाली का गं? बरेच चणे उरलेत तिथे."

"आपल्याकडून कशी होईल?" आई म्हणाली. "ते घर तुमच्या मळ्याचं. माउली इथून निघाली की मळेवाले आधी तिच्याकडे नेत असतील."

पण माउली चिंचेखालून थेट मळ्यातल्या पहिल्या घरी आली होती. कार्मेलीनने ते स्वतः पाहिलं होतं. घरी परतल्यावर ती सासूजवळ बसली. सासू नातलीण वालाच्या शेंगा सोलत होती.

"आई, जेत्रूबायचं घर आपल्या यादीत आहे का?"

"छे! ते टेकडीवाल्यांचं. आपली पाळी संपली की टेकडीवाले माउलीला घेऊन जातात तेव्हा वाटेत ते घर घेतात. इथे सगळे असंच म्हणतात."

"पण तुम्ही तर माहेरच्या टेकडीच्या. टेकडीवर काय म्हणायचे?"

नातलीणने आठवून पाहिलं. "आमच्याकडे म्हणायचे, ते घर खाडीवाल्यांचं."

"आणि खाडीवर म्हणतात, ते मळ्याचं."

नातलीणच्या हातातली शेंग तशीच राहिली. माउली वर्षातून तीनदा त्या कुंपणावरून जात होती आणि तीनदा पुढे निघून जात होती. नातलीणचं लग्न होऊन एकतीस वर्षं झाली होती. ती हळूच म्हणाली, "मी स्वतः कितीदा तिथून गेले असेन. ती पायरीवर उभी असायची. मला वाटायचं, परगावची बाई, आपण परस्पर तिच्याकडे माउली नेली तर त्या गावाला काय वाटेल!"

दुसऱ्या दिवशी कार्मेलीन जेत्रूबायकडे गेली आणि सरळ विचारलं, "तुम्ही कधी कुणाला सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं? माझ्याकडे या म्हणून?" जेत्रूबाय खोकत म्हणाली. गेल्या पावसापासून तो खोकला तिला सोडत नव्हता. "एकदा निघाले होते मुकादमाकडे. अर्ध्या वाटेवरून परत आले. मागून घेतलेलं येणं मला नको होतं, बाय. चणे मात्र भिजत घालते दर वेळी. कुणी आलंच तर?"

कार्मेलीनच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने मनाशी ठरवलं की ही म्हातारी आहे तोवर माउली या घरात आली पाहिजे. आणि जेत्रूबायकडे पाहिलं तर फार दिवस हातात आहेत असं वाटत नव्हतं.

सासू-सुनांनी जाऊन आपल्या मुकादमाला सांगितलं. मुकादम यादी बघून म्हणाला, "आमच्या यादीत एकही चूक नाही." खाडीचा मुकादम तेच म्हणाला. टेकडीचाही तेच म्हणाला. तिघेही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत होती.

मग तिघे चिंचेखाली बसले. चूक कुणाची ते ठरल्याशिवाय ती दुरुस्त कशी करणार? म्हणून आधी घर कुणाच्या हद्दीत आहे ते मोजायचं ठरलं. दोर आले, खुंट्या आल्या. पुढची पायरी खाडीच्या हद्दीत निघाली, चूल मळ्याच्या आणि खाटेच्या बाबतीत टेकडीवाल्यांचं म्हणणं होतं की तिचे तीन पाय त्यांच्याकडे आहेत.

जेत्रूबाय त्यांना पाणी घेऊन आली. "काय मोजताय, मुकादम?"

"तुमचं घर कुणाचं आहे ते बघतोय."

"माझं आहे," जेत्रूबाय म्हणाली आणि रिकामे तांबे घेऊन आत गेली.

मोजणी चालूच राहिली. कधी दोर कमी पडायचा, कधी एखाद्या गावाचा सण आडवा यायचा. महिने गेले. जेत्रूबाय आता पाणी घेऊन बाहेर येत नव्हती, हे मोजणाऱ्यांच्या लक्षातही आलं नाही.

इकडे मळ्याची यादी संपत आली. शेवटचं घर नातलीणचं होतं. तिथून माउलीला चिंचेखाली नेऊन टेकडीवाल्यांच्या हाती द्यायचं आणि रिवाजाप्रमाणे ते काम घरातल्या सर्वांत धाकट्या सुनेचं. कार्मेलीन मुकादमाकडे गेली.

"उद्या माउलीला मधल्या घरी नेऊ का?"

"निकाल लागू दे. पुढच्या वर्षी रीतसर नेऊ."

"पुढच्या वर्षी त्या असतील का?"

मुकादमाने यादीची घडी घातली आणि तो आत निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर मळ्याचे लोक गाणं म्हणत चिंचेपाशी आले. कार्मेलीनच्या हातात माउलीची पेटी होती. समोर टेकडीचे लोक मेणबत्त्या घेऊन उभे होते. कार्मेलीनने कुंपणापलीकडे पाहिलं. पायरीवर कुणी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा जेत्रूबाय पायरीवर नव्हती.

टेकडीच्या बाईने हात पुढे केले. कार्मेलीन तिच्या बाजूने निघून गेली, कुंपणाचं फाटक तिने खांद्याने ढकललं आणि ती घरात शिरली. तिच्या मागोमाग नातलीण गेली.

बाहेर कुजबुज झाली. "अगं, कुठे चालली?" "विचारलं का हिने कुणाला?" मग एकेक जण फाटकातून आत गेला. खरं सांगायचं तर काहींना माउलीची काळजी होती आणि पुष्कळांना नुसतं कुतूहल होतं. रोज ज्या घरावरून आपण जातो ते आतून कसं आहे, हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं.

आत मेजावर पांढरं कापड घातलेलं होतं. दोन मेणबत्त्या होत्या, न पेटवलेल्या. एका मोठ्या टोपात चणे होते. जेत्रूबाय खाटेवर पडली होती. एवढं मांडून झाल्यावर तिला उठवत नव्हतं.

कार्मेलीनने पेटी मेजावर ठेवली. "जेत्रूबाय, माउली आलीय."

जेत्रूबायने मूर्तीकडे पाहून क्रुसाची खूण केली. मग तिची नजर दाराकडे गेली आणि तिथेच राहिली. दारातून माणसं येत होती, भिंतीला टेकून उभी राहत होती, जागा नसलेली अंगणात बसत होती.

"हिला तर मी वर्षातून तीनदा बघते," ती म्हणाली. "मला तुम्हाला बघायचं होतं."

नातलीण तोंडाला पदर लावून रडू लागली. जेत्रूबायनेच मग एकेकाला नाव विचारलं, कुणाची मुलगी, कुणाचा नातू ते विचारलं, आणि चणे वाटायला सांगितलं. जपमाळ झाली. गाणी झाली. निरोप मिळून तिन्ही मुकादम धावत आले. दार ठेंगणं होतं, ते त्यांना माहीत नव्हतं. तिघांच्याही कपाळाला चौकट लागली. त्यांना आत बसवून जेत्रूबाय म्हणाली, "या. बसा. आता कुणी काही मोजू नका."

त्यानंतर जेमतेम तीन आठवडे ती जगली. या तीन आठवड्यांत तिच्या घरी सतत कुणी ना कुणी असे. ती गेली तेव्हा तिन्ही गावांच्या घंटा वाजल्या.

मुकादमांना वाईट वाटलं, आणि ते खरोखरच वाटलं. पुढच्या खेपेला त्यांनी मिळून ठरवलं की भरपाई म्हणून माउलीला मधल्या घरी तीन दिवस ठेवायचं. ठेवलं. लोकही आले. पण दारात या म्हणणारं कुणी नव्हतं. रिकाम्या खोलीत जपमाळ म्हणून सगळे खाली मान घालून घरी गेले. इतकी वर्षं जे दिलं नाही ते आता घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

टेकडीचे म्हातारे फादर त्या दिवशी मुकादमांना म्हणाले, "याद्या नव्या करू नका. कितीही चांगली यादी केलीत तरी ती कुठेतरी संपणारच. त्यापेक्षा माउलीला दुसऱ्या गावाच्या हाती देण्याआधी मोठ्याने एकदा विचारा, मध्ये कुणी राहिलं का? आणि विचारून लगेच निघू नका, थांबा."

मुकादमांना हे जरा पोरकट वाटलं. मध्ये आता होतंच कोण? एकच घर होतं, तेही बंद. पण फादरांचा शब्द मोडायचा नाही म्हणून माउलीला तिथून खाडीवाल्यांच्या हाती देण्याआधी खाडीचा मुकादम चिंचेखाली उभा राहिला आणि ओरडला, "मध्ये कुणी राहिलं का?"

सगळे थांबले. चिंचेवर वाऱ्याची सळसळ झाली.

आणि दूर मिठागराच्या बांधापलीकडून, जिथे काही आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं, एका बाईचा आवाज आला.

"राहतो ना! आम्ही राहतो इथे!"

तर मुलांनो आणि मोठ्यांनो, बोध एवढाच: जो दुसऱ्या कुणाचा तरी असेल असं आपल्याला वाटतं, त्याच्या दारात आधी आपण जावं.