थंड कडीचा कौल

जहागीरदार सुभानरावांचा न्याय देवळापुढे व्हायचा. लोखंडी कडीतून लोखंडी गोळा आरपार पडला तर आरोपी सुटायचा, अडकला तर त्याचा कडेलोट. गोळा आधी शुद्ध करायची रीत होती. सोडायच्या माणसाचा गोळा गंगाजळात बुडवत, मारायच्याचा भट्टीत घालत. तापलेलं लोखंड फुगतं, मग गोळा कडीवरच अडकून बसे.

चिमाचा बाप असाच गेला होता. आता वेठीला नकार देणाऱ्या तिच्या भावाची, हैबतीची पाळी होती.

गोळा लाल झाला, तशी चिमा पुढे आली.

"सरकार, शुद्ध गोळा विटाळलेल्या कडीतून कसा टाकता? आत्ताच तिच्यावर कावळा बसला होता. तीही भट्टीत घाला."

सोवळ्याचा बडेजाव मिरवणाऱ्या सुभानरावांना गावापुढे नाही म्हणता येईना. कडी तापली, तीही फुगली, आणि गोळा सरळ खाली पडला.

"देवानं कौल दिला," सुभानराव दातओठ खात म्हणाले. "सोडा त्याला."

चिमा जागची हलली नाही. "मग थंड कडीवर माझ्या बापाचा कौल कुणी दिला होता, सरकार?"

पटांगणात सगळा गाव जमला होता. प्रत्येक घरातलं कुणीतरी त्या कडेलोटात गेलं होतं. सगळे सुभानरावांकडे बघत होते, आणि भट्टी अजून पेटलेली होती.