खंजनाची पाठ

एका राज्यात शिंगराचे वय कुणी विचारत नसे, फक्त उंची पाहत. पागेच्या दारावर एक रेशमी दोरी आडवी ताणलेली असे. शिंगराचे कान त्या दोरीला लागले की ढोल वाजे, खोगीर चढे आणि त्याच दिवशी त्याच्यावर स्वार बसे. पायांना पेलते का, पाठीला सोसते का, हे पाहण्याची रीत नव्हती. दोरीने सांगितले की झाले.

राजाचे नाव वीरबाहू. त्याच्या राज्यातल्या डोंगरावर शैलनाथ नावाचा मायावी राहत होता. त्याची एक लाडकी शिंगरी होती, पायांनी लांब आणि वयाने कोवळी. राजाच्या स्वारांनी ती धरून आणली, दोरीखाली उभी केली. कान लागले, ढोल वाजला आणि पहिल्याच दौडीत तिचे गुडघे मोडले.

शैलनाथ पागेसमोरच्या मैदानात आला. तो रडला नाही, ओरडला नाही. मूठभर माती वाऱ्यावर सोडून म्हणाला, “राजा, तयार नसलेल्या घोड्यावर या राज्यात जो बसेल, तो घोड्यासकट दगड होईल. नव्या, तयार घोड्यावर बसून या मैदानाला कुणी फेरी घालील, त्या दिवशी दगड झालेले सगळे मोकळे होतील.”

तेव्हापासून मैदानात दगडी स्वार उभे राहू लागले. मग राजाने दोरी काढून टाकली म्हणता? छे! दोरी वीतभर वर बांधली. पुन्हा दगडच होत गेले. दोरी आणखी वीतभर वर गेली. जुने घोडे म्हातारे होऊन मेले, नव्यांचे दगड झाले, आणि मैदानात उभे राहायला जागा उरली नाही. पण दरबारात एकही माणूस असे म्हणाला नाही की चूक दोरीच्या उंचीत नाही, दोरीतच आहे.

शेवटी राजपुत्र जयंतसेन दगड झाला. पागेत आता एकच शिंगरू उरले. राखी रंगाचे, चंचल, खंजन पक्ष्यासारखे जागच्या जागी नाचणारे. म्हणून त्याचे नाव खंजन.

राजपुत्राची धाकटी बहीण तेजोवती रोज मैदानात जाऊन भावाच्या दगडी हातावर हात ठेवी. एके सकाळी तिला दिसले, सगळ्या दगडांच्या पायांवर हिरवे शेवाळ चढले आहे. तेवढ्यात गवतातून टिटवी बोलली.

“राजाच्या मुली, आत माणसे जिवंत आहेत, ठाऊक आहे ना? हे शेवाळ डोळ्यांवर चढले की त्यांचा श्वास थांबेल.”

“थांबवायचे कसे?”

“मला काय विचारतेस? मी पक्षी आहे. ज्याने माती उधळली त्याला विचार.”

तेजोवती डोंगर चढली. वाटेत बोलणारे धुके लागले. ते म्हणाले, “परत जा.” तिने ऐकले नाही. शैलनाथ एका कुंडाच्या काठी बसला होता. तिने वंदन केले, पण मान फार वाकवली नाही.

“शाप मागे घ्या, महाराज.”

“सोडलेली माती मला मुठीत परत घेता येत नाही.”

“मग घोडा तयार केव्हा होतो, एवढे तरी सांगा.”

“घोड्याला विचार.”

“घोडा बोलत नाही.”

“तुमच्याकडे त्याला कधी कुणी विचारले होते?”

शैलनाथाने तिचे दोन्ही तळवे कुंडात बुडवले. “आता तुझ्या हाताखाली हाडे बोलतील. दातांना एकदा विचार, गुडघ्यांना एकदा, पाठीला एकदा. त्यापलीकडे हे पाणी काम करणार नाही.”

ती धावतच खाली आली. खंजनाचा ओठ उचलून तिने दातांवर बोट ठेवले. “तुम्ही तयार आहात?”

“दुधाचे पडले, आम्ही आलो,” दात म्हणाले. “लगाम चालेल. ओढायचा मात्र नाही.”

तेजोवतीने खंजनाला लगामाची ओळख करून दिली. लगाम धरून ती पुढे आणि तो मागे, असे दोघे शेताशेतांतून चालले. तो झाडाला बुजला की ती झाडाशी थांबे. त्याने झाड हुंगले की पुढे निघे. शेवाळ राजपुत्राच्या मांडीपर्यंत आले.

मग तिने गुडघ्यांवर अंगठे टेकले. “तुम्ही?”

“आमच्यात फट होती, ती आता भरली,” गुडघे म्हणाले. “टेकड्या चढव. पण पाठीवर काही नको.”

तिने टेकड्या चढवल्या. खंजनाची छाती रुंद झाली, पाय नेमके पडू लागले. शेवाळ राजपुत्राच्या कमरेवर आले, छातीवर आले. तेजोवतीला धीर निघेना. तिने खंजनाच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवले आणि घाईने विचारले, “आणि तू? तू तयार आहेस ना?”

पाठ शांतपणे म्हणाली, “मी सगळ्यांच्या शेवटी तयार होते. अजून नाही.”

“मग केव्हा?”

उत्तर आले नाही. तळवे कोरडे पडले होते. तिसरा प्रश्न संपला होता, आणि तो फार लवकर विचारला गेला होता.

“शाबास!” टिटवी म्हणाली. “बापाची दोरी आणि लेकीची घाई, एकाच घरातली.”

बातमी दरबारात पोहोचली. प्रधान पुढे सरसावले. “महाराज, दात हो म्हणाले, गुडघे हो म्हणाले. एकट्या पाठीने नाही म्हटले. बहुमत स्पष्ट आहे.”

“प्रधानजी,” तेजोवती म्हणाली, “स्वार दातांवर बसत नाही.”

कुणीतरी हसले आणि लगेच खोकले. राजा वीरबाहू मात्र हसला नाही. तो ओरडला. “माझा मुलगा तिथे उभा आहे, तेजोवती! शेवाळ त्याच्या गळ्याशी आले आहे. खंजनाचे कान दोरीला लागतात. आजच खोगीर घाला!”

“तात, तो माझाही दादा आहे. आज खोगीर घातले तर मैदानात आणखी एक दगड उभा राहील आणि राज्यात घोडा उरणार नाही. मग कुणाची वाट पाहाल?”

तेजोवती पागेच्या दाराशी गेली, कमरेची कट्यार काढली आणि सगळ्यांच्या देखत ती रेशमी दोरी कापून टाकली. मग दारात उभी राहिली. तिला बाजूला सारायला एकही हात पुढे आला नाही.

आता विचारायला कुणी नव्हते. उरले ते स्वतःचे डोळे आणि स्वतःचे हात. ती रोज सकाळी खंजनाला नदीवर नेई आणि त्याच्या पाठीवर पाणी ओती. त्याचा शेपटीकडचा पुठ्ठा अजून खांद्यापेक्षा उंच होता, म्हणून पाणी मानेकडे घरंगळे. ती पाठीवर हात रेटून पाही. खंजन पाठ खचवी, कान मागे पाडी. ती हात काढून घेई. “बरे, आज नको,” म्हणे, आणि मैदानाकडे न पाहता परत येई, कारण पाहिले तर पाय तिकडेच वळतील हे तिला ठाऊक होते.

शेवाळ हनुवटीवर आले. ती नदीवर गेली. शेवाळ ओठांवर आले. ती नदीवर गेली. राजा आता तिच्याशी बोलत नसे. लोक म्हणत, बहीण नव्हे, वैरीण आहे. तिने तेही ऐकले आणि नदीवर गेली.

आणि एके सकाळी पाणी मानेकडे गेले नाही. पाठीच्या मध्यावर क्षणभर साचले आणि दोन्ही कुशींवरून खाली उतरले. तेजोवतीने हात रेटला; पाठ खचली नाही. तिने घोंगडी टाकली. मग खोगीर त्याच्या नाकाशी धरले, त्याला हुंगू दिले, आणि हळूच पाठीवर ठेवले. मग ती पोटावर आडवी होऊन सगळ्या भाराने त्याच्यावर रेलली. खंजनाने मान वळवली, तिचा पाय हुंगला आणि पुन्हा गवत खाऊ लागला.

“आज,” ती म्हणाली.

“पाठ बोलली?” टिटवीने विचारले.

“नाही. मी पाहिले.”

सारे नगर मैदानाच्या कडेला जमले. शेवाळ राजपुत्राच्या खालच्या पापणीला टेकले होते. तेजोवती रिकिबीत पाय घालून खंजनावर बसली. तिच्या पायाच्या बोटांना काहीतरी गार लागले. दगड? नव्हे, रिकिबीचे लोखंड. खंजनाने कान पुढे केले आणि एक पाऊल टाकले.

“चालला!” लोक ओरडले. “दौडव! राजकन्ये, दौडव त्याला! वेळ नाही!”

तिने दौडवले नाही. त्याची ही पहिली फेरी होती, आणि पहिली फेरी चालीचीच असते. शेवाळ एकेका पापणीवर चढत होते आणि खंजन दगडी स्वारांच्या बाजूने पाऊल पाऊल चालत होता. राजा कडेने तिच्याबरोबर चालू लागला. आता तो ओरडत नव्हता. तिच्याइतकाच हळू चालत होता. जिथून फेरी सुरू झाली तिथे खंजनाचे खूर टेकले, आणि मैदानभर कडाडकन आवाज झाला.

शेवाळ गळून पडले. दगडाच्या आयाळी वाऱ्यावर हलल्या. शेकडो घोडे एकदम फुरफुरले. जयंतसेनाने डोळे चोळले आणि पहिला शब्द उच्चारला, “तेजू, किती गं हळू चालवतेस!”

लोक हसले, रडले, टोप्या उडवू लागले. पण तेजोवतीचे लक्ष राजपुत्राच्या घोड्याकडे होते. त्याचे पाय थरथरत होते. ती सगळी शिंगरे दगड झाली तेव्हा जेवढी कोवळी होती, तेवढीच कोवळी आताही होती. आणि त्यांच्या खुरांवर पुन्हा राखाडी रंग चढू लागला होता.

“उतरा!” ती रिकिबीवर उभी राहून गरजली. “दादा, खाली उतर! सगळे खाली उतरा! ही अजून तयार नाहीत!”

जयंतसेनाने क्षणाचाही विलंब लावला नाही. त्याने उडी टाकली, आणि त्याच्यामागोमाग सगळ्या स्वारांनी उड्या टाकल्या. राजा वीरबाहू स्वतः धावला आणि एकेका खोगिराचा पट्टा सोडू लागला. खोगिरे धपाधप जमिनीवर पडली. खुरांवरचा राखाडी रंग उतरला.

क्षणभर शिंगरे नुसती उभी राहिली. पाठी हलक्या झाल्या यावर त्यांचा विश्वास बसेना. मग एकाने मागचे पाय उडवले, दुसऱ्याने शेपूट उंचावले, आणि सगळा कळप नदीकाठच्या कुरणाकडे उधळला. जमीन दणाणली. ढोल आपोआप वाजू लागले.

त्या राज्यात विजयाच्या मिरवणुका पुष्कळ निघाल्या असतील. पण त्या दिवशीची मिरवणूक अशी होती की घोडे मोकळे पुढे धावत होते, आणि राजा, राजपुत्र आणि सारे स्वार हसत, धापा टाकत, पायी त्यांच्या मागे चालले होते.