गोल खांबाची डावी बाजू

"एवढं सगळं येतं मला, बाई. मग मजा कुठं गेली?"

बाई स्टुलावर बसून शेंगा फोडत होत्या. एक शेंग फुटली, दाणे तोंडात गेले, टरफल वाटीत पडलं... मग दुसरी शेंग हातात आली.

विचारणारी मंजिरी टिपणीस. पुण्यातली दातांची डॉक्टर, चाळिशी ओलांडलेली आणि पोल डान्सचा नाद लागलेली. जमिनीपासून छतापर्यंत उभ्या असलेल्या स्टीलच्या खांबावर चढायचं, त्याच्याभोवती गिरक्या घ्यायच्या, डोकं खाली करून लटकायचं आणि हे सगळं काहीच कष्ट पडत नसल्याच्या चेहऱ्यानं करायचं, हा तिचा छंद. सुरुवातीला सासूबाईंनी नाक मुरडलं, शेजाऱ्यांनी भुवया उंचावल्या. मंजिरीनं कुणालाच भीक घातली नाही आणि सरळ दिवाणखान्यात खांब उभा केला.

तोच खांब काढून न्यायला आता येत्या रविवारी माणूस येणार होता.

त्याआधी एकदा कोल्हापूरच्या प्रमिलाबाई सरनोबतांना भेटून ये, असं तिला कुणीतरी सुचवलं. बाईंनी साठी कधीच ओलांडली आहे. त्यांच्या लहानपणी आखाड्यात मल्लखांबाचा खांब मुलांचा आणि मुलींच्या वाट्याला दोरी. बाई तेव्हा काही बोलल्या नाहीत. पन्नाशीला मात्र शाहूपुरीतलं गुळाचं एक जुनं गोदाम घेऊन त्यांनी आपला स्वतःचा खांब रोवला, स्टीलचा, जमिनीपासून छतापर्यंत, आणि येईल त्याला शिकवायला लागल्या. गोदामाला उंची भरपूर, आणि गूळ जाऊन वर्षं झाली तरी वास अजून भिंतींत मुरलेला. बाई जाहिरात करत नाहीत, प्रमाणपत्र देत नाहीत, आणि विचारलेल्या प्रश्नाला सहसा उत्तरही देत नाहीत. अशा माणसाकडे लोक का जातात कोण जाणे... पण जातात.

"काय काय येतं?" बाईंनी विचारलं.

मंजिरीनं सांगायला घेतलं. एकेका प्रकाराचं इंग्रजी नाव, तो किती अवघड, तो यायला इतरांना किती वेळ लागतो आणि तिला किती कमी लागला. यादी संपेना. कोपऱ्यात गादीवर बसलेल्या लीलाक्कांना हसू आवरेना. एरवी त्यांनी तोंडाला पदर लावला असता, पण आज त्या नातवाच्या फुटबॉलच्या हाफ पँटमध्ये होत्या. पदर आणणार कुठून?

लीलाक्का पलीकडच्या गल्लीत पिठाची गिरणी चालवतात. बाईंकडे यायला लागून त्यांना जेमतेम दोन महिने झाले होते.

"आणि मजा येत नाही," बाई म्हणाल्या.

"नाही येत." मंजिरीचा आवाज उतरला. "पहिल्यांदा वर चढले ना, त्या दिवशी नवऱ्याला ऑफिसात फोन करून सांगितलं होतं. मीटिंग सोडून ऐकलं बिचाऱ्यानं. आणि गेल्या महिन्यात डोकं खाली करून एका हातावर तोल सांभाळला... तर घरी सांगायचंच विसरले."

"हं."

"क्लासमध्ये आता माझ्या पुढे कुणी नाही. आमच्या टीचर म्हणतात, तुला शिकवायला माझ्याकडे काही उरलं नाही. म्हणून इथे आले. मला काहीतरी अवघड सांगा, बाई. खूप अवघड. त्यातही मजा आली नाही, तर रविवारी खांब जाईल."

हे बोलताना तिचे डोळे भरून आले आणि त्याचा तिला रागही आला. खांब काढायचं तिच्या अगदी जिवावर आलं होतं. पण रोज सकाळी त्याच्याकडे बघायचं आणि काहीच वाटायचं नाही, हे तिला त्याहून सोसवत नव्हतं.

"दाखव की," बाई म्हणाल्या.

मंजिरीनं दाखवलं. उजवा हात वर, उजवा पाय पुढे, आणि बघता बघता ती छताजवळ. तिथून पाय सुटे करून एक गिरकी, मग डोकं खाली, मग गुडघ्याच्या बेचक्यात खांब धरून दोन्ही हात मोकळे. शेवटी ती सावकाश, गोल गोल फिरत खाली आली. पाय जमिनीला टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. नाव ठेवायला कुठं जागा नव्हती.

"अगं बया," लीलाक्का पुटपुटल्या.

मंजिरीनं बाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली, शेंगांची वाटी खाली ठेवली आणि त्या उठल्या. स्टूल उचललं. खांबाला वळसा घालून पलीकडे गेल्या, तिथे स्टूल मांडलं आणि बसल्या.

"दाखव."

मंजिरीला बरं वाटलं. बाईंना दुसऱ्या बाजूनं बघायचंय, म्हणजे काहीतरी आवडलं असणार. तिनं तळहात पुसले आणि सगळं पुन्हा केलं, मघापेक्षा सफाईनं.

"हे मघाशी झालं," बाई म्हणाल्या.

"पण तुम्ही तिकडून बघितलं नव्हतं ना?"

"मी उठून इकडं आले. तू कुठं आलीस?"

मंजिरीला काही कळेना.

"डावा हात वर," बाई म्हणाल्या. "डावा पाय पुढं. चढ."

"अहो, ती माझी वाईट बाजू आहे."

"काय वाईट केलं तिनं?"

"तसं नाही हो. क्लासमध्ये सगळे असंच म्हणतात. प्रत्येकाची एक चांगली बाजू असते आणि एक... म्हणजे, माझं सगळं उजवीकडून आहे. ती माझी बाजूच नाही."

"मग कुणाची?"

मंजिरीनं ते हसण्यावारी न्यायचं ठरवलं. "पोलची असेल. पोलची डावी बाजू."

बाईंनी खांबाकडे बघितलं. खालून वरपर्यंत अगदी नीट बघितलं.

"गोल आहे की गं तो."

लीलाक्का फिसकन हसल्या. मंजिरीचे कान तापले. आता माघार घ्यायची सोय नव्हती. ती खांबाशी गेली, हात वर केला... आणि उजवाच हात वर गेला. तिनं तो खाली घेतला, डावा वर नेला. आता पाय चुकला. पाय बदलला तर हात कुठं ठेवायचा ते आठवेना. सगळं शरीर कुणा दुसऱ्याचंच झालं होतं. तिनं दात आवळून अंग वर ओढलं, वीतभर चढली आणि सरकत येऊन खांबाखाली घातलेल्या गादीवर बसकण मारली.

"हे काय आहे, बाई? हे तर पहिल्या दिवशीचं आहे. मी अवघड मागितलं होतं."

"मग? सोपं जातंय का?"

मंजिरी उठली. पुन्हा चढली, पुन्हा घसरली. पुन्हा उठली. छताजवळ दोन्ही हात सोडून लटकणारी ही बाई आता जमिनीपासून हातभर उंचीवर टिकत नव्हती, आणि तेही एका गिरणीवालीच्या देखत. तिला वाटलं, बॅग उचलावी आणि मिळेल ती गाडी पकडून पुण्याला परत जावं. रविवारपर्यंत तरी कशाला थांबायचं, आजच फोन करून त्या माणसाला बोलवावं.

"आक्का," बाई म्हणाल्या, "हिला बसायचं कसं ते दाखवा."

"मी?" लीलाक्का दचकल्या. "डाक्टरीणबाईंस्नी मी काय दावू?"

"तुम्हाला येतंय तेवढं."

लीलाक्कांना तेवढंच येत होतं. चढायचं जरासं, एका मांडीवर दुसरी मांडी टाकून मध्ये खांब आवळायचा, त्याच्यावर बसायचं आणि हात सोडायचे. बाईंकडे हा पहिला धडा, आणि दोन्हीकडून आल्याखेरीज दुसरा मिळत नाही. लीलाक्का हाफ पँट सावरत पुढे आल्या, डावा हात वर केला, धापा टाकत चढल्या. मांड्या आवळल्या. मग एक हात सोडला. मग दुसरा. दोन्ही हात पसरून त्या हवेत बसून राहिल्या आणि गोदामभर बघत खुदुखुदु हसायला लागल्या.

"रोज बसतो, तरी रोज हसू येतंय बघा," त्या वरूनच म्हणाल्या. कोल्हापुरात बऱ्याच बायका 'बसतो'च म्हणतात, आणि लीलाक्का त्यातही पक्क्या.

मंजिरी त्यांच्याकडे बघत राहिली. तिला त्यांचा हेवा वाटला. एवढंसं करून एवढं हसायला मिळणाऱ्या माणसाचा खराखुरा हेवा.

"या आता," लीलाक्का उतरून म्हणाल्या. "डावी मांडी वरनं घ्या. नव्हं, ही नव्हं, डावी. आता आवळा. आन् हात सोडा."

"पडेन."

"पडाल की. गादी कशाला घातलीया?"

मंजिरी पडली. लीलाक्कांनी खांब फडक्यानं कोरडा पुसून दिला. मंजिरी पुन्हा चढली. मांडीला चिमटा बसला, तोंडातून "आई गं" निघालं, लीलाक्का म्हणाल्या, "व्हय, ते लागतंयच." बाई पुन्हा वाटी घेऊन शेंगा खात होत्या. कुणी मोबाइल धरलेला नव्हता, कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. मंजिरीनं उजवा हात सोडला. तोल गेला नाही. आता डावा उरला. बोटं खांबाला चिकटून बसली होती. तिनं एकेक बोट उचललं...

"सोड की गं," लीलाक्कांना राहवेना. अहोजाहो कुठल्या कुठं गेलं. "सोड, सोड."

हात सुटला.

मंजिरी टिपणीस जमिनीपासून हातभर उंचीवर, डावीकडून, दोन्ही हात मोकळे सोडून बसली होती. एक क्षण. दुसरा क्षण. आणि तिच्या पोटातून जे हसू आलं, ते आवरायचं तिच्या मनातही आलं नाही. हसता हसता पकड सुटली, ती घसरत खाली आली, गादीवर आडवी झाली आणि तिथेच पडून हसत राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं. लीलाक्का तिच्या शेजारी बसून हसत होत्या, कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मंजिरी आनंदात होती. इतकी साधी गोष्ट, पण तिला ती ओळखायला जरा वेळ लागला.

"जमलं, बाई," ती म्हणाली.

"बघितलं."

मग तिनं बॅगेतून फोन काढला आणि नवऱ्याला लावला. "अरे ऐक, मी बसले. डावीकडून. अरे, हात सोडून." त्यानं विचारलं, की त्यात विशेष काय, तू तर छताला टांगून घेतेस. "ते उजवीकडून रे," ती म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली. "आणि हो, तो रविवारचा माणूस येऊ दे. खांब काढायचा नाहीये, सरकवून घ्यायचाय. डावीकडे पुस्तकांचं कपाट आहे ना, पाय आपटेल माझा."

इतकी वर्षं तो खांब कपाटाजवळ उभा होता आणि तिला कपाटाची कधी अडचण झाली नव्हती.

दुपार झाली. लीलाक्कांना गिरणी उघडायची होती, त्या हाफ पँटवर साडी गुंडाळून निघून गेल्या. मंजिरीनं बाईंना वाकून नमस्कार केला, बॅग खांद्याला लावली आणि दारापर्यंत गेली. तिथे तिचं पाऊल अडलं. मघाचा आनंद अजून अंगात होता, पण त्याच्या मागून एक शंका आली होती आणि ती तशीच पुण्याला घेऊन जायची तिची तयारी नव्हती.

"बाई... मी शिकेन हे. मला माहीत आहे, मी सोडणार नाही. दोन वर्षांनी, तीन वर्षांनी मला सगळं डावीकडूनही यायला लागेल."

"येईल."

"मग तेव्हा परत मजा गेली तर?"

बाई वाटीतली टरफलं चाळत होत्या. एक न फुटलेली शेंग राहिली होती. ती त्यांनी फोडली, दाणे तळहातावर घेतले, फुंकर घातली... आणि मंजिरीच्या हातावर ठेवले.

"तेव्हा ये. मग आपण उजवीकडून सुरू करू."