कंसातले सर

गंमत सांगते, पण ऐकून तोंड कडू होईल हं. माझी भाची निशिगंधा कॉलेजात शिकवायची. कॉम्प्युटरला काम सांगायची एक इवलीशी भाषा तिनं बनवलेली. मूठभर शब्द अन् नुसते कंसच कंस! मोठ्या सरांना, दाभाडकरांना, त्या भाषेच्या जागी एका कंपनीची भलीमोठी भाषा आणायची होती. त्याची मीटिंग लागली. मी डबा द्यायला गेले अन् मागं बसूनच राहिले.

सर म्हणाले, "मॅडम, हिच्यात 'पुन्हा कर' एवढा साधा शब्दसुद्धा नाही. कंस सोडले तर हिची ओळख काय?"

निशीनं तिथंच दोन ओळी टाइप करून तो शब्द बनवला. कॉम्प्युटर मुकाट कामाला लागला.

"आता सर, तुमच्या भाषेत नसलेला एक शब्द तुम्ही बनवा."

"छे, तसं कसं? कंपनीला कळवावं लागतं."

"हीच ओळख, सर. माझ्या भाषेत शब्द नसला तर आपला आपण करता येतो. तुमच्या भाषेत नसला तर अर्ज करावा लागतो."

सगळे हसले, सरसुद्धा. अन् हसत हसतच त्यांनी कंपनीची भाषा आणली. निशी नोकरी सोडून गेली.

कंस मात्र सरांना आवडले बाई! दारावरच्या पाटीत नावाला दोन्हीकडून घातलेत. मी मुद्दाम बघून आले. आत काही नाही, नुसते सर.