मुंगीचा दाणा राजाच्या पेवात

एक होती मुंगी. एवढुश्शी! नाव तिचं तिळी.

तिळीला सापडला ज्वारीचा दाणा. त्यावर लाल ठिपका. घरी बाळ भुकेलं होतं. तिळी दाणा घेऊन निघाली, तुरुतुरु तुरुतुरु.

वाटेत होतं राजाचं पेव. पेव म्हणजे ज्वारी साठवायचा खोल खड्डा. तिळीचा दाणा निसटला. गडगड गडगड... टप्! पडला पेवात.

शिपायाने वर शिळा ठेवली. धप्प! कडेने चिखल लिंपला. मुंगी जाईल एवढीसुद्धा फट नाही!

"शिपाईदादा, शिपाईदादा, शिळा सरकव."

"छे! राजाने सांगितल्याशिवाय नाही."

तिळी गेली राजाकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"राजा, राजा, हुकूम दे.
शिपाई उघडेना,
दाणा मिळेना,
बाळ माझं रडायचं थांबेना!"

"मी नाही देणार! ज्वारी भरणार गलबतात. ज्वारी देऊन आणणार घोडे. घोडे आले की मी सगळ्यांत मोठा राजा! आधी गलबत धक्क्याला येऊ दे."

तिळी गेली गलबताच्या तांडेलाकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"तांडेलमामा, तांडेलमामा, गलबत आण.
राजा ऐकेना,
शिपाई उघडेना,
दाणा मिळेना,
बाळ माझं रडायचं थांबेना!"

"कसं आणू गं? खलाशी उपाशी. वल्ही कोण मारणार? आधी भाकरी आण."

तिळी गेली बायजाकाकीकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"काकी, काकी, भाकरी थाप.
गलबत हलेना,
राजा ऐकेना,
शिपाई उघडेना,
दाणा मिळेना,
बाळ माझं रडायचं थांबेना!"

"कशाची थापू, माझ्या डोक्याची? घरात चिमूटभर पीठ नाही. जात्याला सांग."

तिळी गेली जात्याकडे, तुरुतुरु तुरुतुरु.

"जात्या, जात्या, पीठ दळ.
भाकरी होईना,
गलबत हलेना,
राजा ऐकेना,
शिपाई उघडेना,
दाणा मिळेना,
बाळ माझं रडायचं थांबेना!"

जातं म्हणालं, "दळीन की! दाणा घाल."

"दाणा? अगं बाई! दाणा तर राजाच्या पेवात!"

आता मात्र तिळीला आला राग. अस्सा राग! ती चढली थेट राजाच्या ताटात. पीठ नाही, भाकरी नाही, ताट रिकामं. राजाच्या पोटात गुरगुर.

"राजा, राजा, आता ऐक.
जातं दळेना,
भाकरी होईना,
गलबत हलेना,
राजा ऐकेना,
शिपाई उघडेना,
दाणा मिळेना,
बाळ माझं रडायचं थांबेना!
सगळं अडलंय तुझ्या शिळेखाली!"

राजाने डोकं खाजवलं. "अरेच्चा! गलबत माझं, आणि अडवलं मीच? उघडा पेव!"

शिपायाने शिळा सरकवली, खर्रर्र. जातं दळू लागलं, घरघर घरघर. काकी थापू लागली, थपथप थपथप. खलाशी पोटभर जेवले. वल्ही मारली, छपाक छपाक. गलबत आलं धक्क्याला.

राजा म्हणाला, "तिळी, घे मूठभर ज्वारी."

"नको. मला माझाच दाणा हवा."

तिळी शिरली ढिगात. शोधला, शोधला. सापडला! लाल ठिपक्याचा! घरी नेला. बाळाने खाल्ला, कुरुम कुरुम. बाळ रडायचं थांबलं.

राजाचे घोडे आले? आले. राजा मोठा झाला? झाला की.

पण त्याच्या पेवाला आता एक बारीक फट असते. मुंगी जाईल एवढी. शिपाई तिथे चिखल लिंपत नाही. राजाचा तसा हुकूमच आहे.